पोस्टरबद्दल तुमचं बरोबर आहे, चिठ्ठ्या मात्र राहतील

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय वाचला. जेवण आवडलं, खोली स्वच्छ होती, पण अंतराळ आणि विज्ञानकथांच्या ज्या संग्रहासाठी विजयदुर्गापर्यंत आलात त्यानेच निराशा केली म्हणून दोन तारे, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या तक्रारी तीन. 'मूळ छपाई' म्हणून लावलेलं अंतराळपटाचं पोस्टर नकली आहे. यानांच्या मॉडेलशेजारी 'हे विज्ञानात बसत नाही' अशा चिठ्ठ्या लावून मी मुलांची मजा घालवते. आणि हेलियमचा शोध आमच्या किल्ल्यावर लागला नाही असं सांगून गावात राहून गावाचाच अपमान करते. कपाटाला कुबट वास येत होता असंही म्हटलंय. तो येत होता. तुम्ही यायच्या आधी दोन दिवस वीज नव्हती, ओल शोषणारं मशीन बंद होतं. आता सगळे कागद बाहेर काढून पुसलेत, सिलिका जेलच्या पुड्या बदलल्यात.

पोस्टरबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. तुम्ही काचेबाहेरून ओळखलंत ते मला सात वर्षांत ओळखता आलं नाही. पूर्वी पोस्टरं थिएटरला घडी घालून पाठवत, त्यामुळे जुन्या पोस्टरवर घडीच्या रेघा असतात. माझ्या पोस्टरवर त्या होत्या, म्हणून मी निर्धास्त होते. तुमचा अभिप्राय वाचल्यावर रात्री फ्रेम उघडली आणि त्या पांढऱ्या रेघेवरून नख फिरवलं. नख कुठेच अडखळलं नाही. कागद सपाट, रेघ फक्त छापलेली! घडी घातलेल्या मूळ पोस्टरचा फोटो काढून तो पुन्हा छापला होता. भिंगाखाली धरलं तर अक्षरांच्या कडासुद्धा ठिपक्याठिपक्यांच्या. विकणाऱ्याने मूळ म्हणून दिलं, मी साडेचार हजार मोजले, आणि बुरशीच्या भीतीने फ्रेम कधी उघडलीच नाही. पण लेबल मी लिहिलं होतं, तेव्हा चूक माझी. आता तिथे 'पुनर्मुद्रण' असं लिहिलंय, आणि घडीची खूण कशी तपासायची तेही. संग्रह पाहायचे घेतलेले शंभर रुपये तुम्हाला परत पाठवलेत.

आता चिठ्ठ्या. माझे वडील पोस्टात होते. १९७५ साली आर्यभट उपग्रहाचं तिकीट निघालं तेव्हा त्यांनी आणलेलं कोरं तिकीट या संग्रहातली पहिली वस्तू. त्याच्याच शेजारी, पाठीवर आर्यभट असलेली दोन रुपयांची जुनी नोट आहे. शाळेत असताना नारळीकरांची 'यक्षांची देणगी' हातात आली आणि मी विज्ञानकथेची झाले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी. माझं नाव नको, कथा बघा, हे परीक्षकांना सांगायची ही रीत मला फार आवडते. तेव्हा विज्ञानकथेवर माझा राग आहे असं कृपा करून समजू नका. मी चाळीस वर्षं तिच्या प्रेमात आहे, आणि चिठ्ठ्या त्याच प्रेमातून लिहिल्यात.

'स्टार ट्रेक' मालिकेतल्या 'एंटरप्राइझ' जहाजाशेजारची चिठ्ठी तुम्ही वाचली असेल. १९७६ साली चाहत्यांनी इतकी पत्रं लिहिली की नासाच्या पहिल्या शटलला 'एंटरप्राइझ' हे नाव मिळालं. पण ते शटल अंतराळात कधीच गेलं नाही, ते फक्त हवेतल्या उड्डाणाच्या आणि जमिनीवरच्या चाचण्यांसाठी वापरलं. एवढं वाचून मालिकेची गोडी कमी होते का? माझी तरी वाढली. लघुग्रहांच्या चित्रपटी गर्दीशेजारी लिहिलंय की खऱ्या लघुग्रहपट्ट्यातून पायोनियर १० हे यान १९७३ पर्यंत सुखरूप पार झालं, कारण दोन मोठ्या दगडांमध्ये सरासरी लाखो किलोमीटर मोकळी जागा असते. चित्रपटात वेळेसारखं वापरलेलं पार्सेक हे खरं तर अंतराचं माप आहे, साधारण ३.२६ प्रकाशवर्षं, वेळ नव्हे, हेही लिहिलंय.

तुमच्या मुलाची मजा गेली असं तुम्हाला वाटलं. मला दिसलं ते सांगते. पंखवाल्या लढाऊ यानाशेजारी 'हवा नाही तिथे पंखांचा उपयोग नाही' हे वाचून तो थबकला आणि म्हणाला, "मग ते वळतं कसं?" मी ड्रॉवरमधला फुगा फुगवून न बांधता त्याच्या हातात दिला. त्याने सोडला, हवा एका दिशेने बाहेर पडली आणि फुगा उलट दिशेने सुटला, थेट तांदळाच्या पिंपामागे. मग त्याने तो शोधून आणून आणखी तीनदा सोडला. लहान मुलाला 'कसं' असं विचारावंसं वाटणं ही मला मजाच वाटते. तुम्ही त्या वेळी फोनवर होतात.

हेलियमबद्दल आधी माफी मागते. तुम्ही मुलाला किल्ल्याची गोष्ट अभिमानाने सांगत होतात आणि मी मध्येच "तसं नाही" म्हणाले. मुलासमोर वडिलांना असं तोडायला नको होतं. मी नंतर बाजूला घेऊन बोलायला हवं होतं. माझं चुकलं.

पण गोष्ट मी बदलणार नाही. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण आमच्या किनाऱ्यावरून दिसलं, हे खरं. किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या ओट्यां'वर दुर्बीण लावली होती, हे गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगतं आणि १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा करतं, त्या दिवशी मीही जाते. मात्र ज्यांच्या नावावर हा शोध सांगतात ते इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ग्रहण पाहिलं ते गुंटूरहून. ग्रहणात सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश फाकवल्यावर दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात, पिवळी रेघ दिसली ती अनेकांना सोडियमची वाटली. लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच ती रेघ पाहिली. ती सोडियमच्या जागी नव्हती. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो थेट १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना, एका युरेनियमच्या खनिजातून. आमच्या शेजारच्या मावशी मला म्हणाल्याच, "गो, आमच्या किल्ल्याचा नाव कित्याक पुसतंस?" मी पुसत नाहीये. त्या दिवसाची सावली आमच्या डोक्यावरून गेली, एवढं पुरेसं मोठं आहे. तुम्ही काचेबाहेरून खोटी घडी ओळखलीत आणि लेबल बदलायला लावलंत. किल्ल्याच्या लेबलालाही मी तोच नियम लावते.

तुमच्या मुलाने जाताना वहीत एक प्रश्न लिहून ठेवलाय: "सूर्याला हात न लावता त्यात काय आहे ते कसं कळलं?" त्याला हे वाचून दाखवा. जुन्या सीडीचा तुकडा आणि बंद खोका घे. खोक्याला एका बाजूने बारीक फट पाड. सीडी आत तिरकी बसव आणि वरून बघायला भोक ठेव. रात्री स्वयंपाकघरातला दिवा बंद करून आईला गॅसच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकायला सांग, आणि फट ज्योतीकडे धर. एक ठळक पिवळी रेघ दिसेल. ती मिठातल्या सोडियमची, तिची तरंगलांबी (प्रकाशाच्या लाटेची लांबी) ५८९ नॅनोमीटरच्या आसपास. हेलियमची तिच्या अगदी शेजारी असते, ५८७.६ ला. एवढ्याशा फरकावरून लॉकियर यांनी ओळखलं. खोका सूर्याकडे मात्र कधीच धरू नकोस, डोळे जातील. रेघ दिसली की चित्र काढून पाठव, वहीत चिकटवते.