वीज गेली की ऑर्डर कुठे जाते?

"ओपन सोर्स ईएसबी टाका, एक रुपया न देता सगळी सॉफ्टवेअर जोडा." ईएसबी (एंटरप्राइज सर्व्हिस बस) म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरच्या मध्ये बसून एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवणारं सॉफ्टवेअर; त्या निरोपालाही 'मेसेज'च म्हणतात. अशा ईएसबींची यादी असलेला हा लांबलचक मेसेज आधी दोन ग्रुपवर आला होता, तेव्हा मी सोडून दिला. गेल्या आठवड्यात पावस गावच्या मावसभावाने तोच पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, सर्व्हर बघून ठेवलाय. यातला कुठला टाकू?" त्याचा आंब्याच्या पेट्यांचा धंदा आहे. वेबसाइटवर आलेली ऑर्डर हिशेबात चढवायची आणि कुरिअरच्या वेब सर्व्हिसकडे बुकिंगला धाडायची, एवढंच त्याला हवंय. गोष्ट घरात आल्यावर गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो, सगळे ईएसबी सारखेच. साफ चूक. डब्ल्यूएसओटू कंपनीचा ईएसबी अपाचे सिनॅप्स या दुसऱ्या ओपन सोर्स ईएसबीवर उभा राहिला. सर्व्हिसमिक्स हा ईएसबी आधी जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जेबीआय या २००५ च्या मानकावर होता, मग ओएसजीआय या दुसऱ्या मानकाकडे वळला. त्याच यादीत घुसडलेला कॅमल मुळात ईएसबीच नाही. ती मेसेज इकडून तिकडे वळवायची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच आहे, सर्व्हिसमिक्सच्या पोटातही तीच असते.

"एक रुपया न देता" हे लायसन्सपुरतं खरं, तेवढं मान्य करते. पण म्यूल या ईएसबीच्या मोफत आवृत्तीत क्लस्टरिंग मिळत नाही, ते सशुल्क आवृत्तीत आहे. म्हणजे एक सर्व्हर बसला तर दुसऱ्याने काम उचलायची सोय तुमची तुम्ही करायची. शिवाय रात्री अडलं तर फोन कुणाला करायचा, यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

आता ज्या ओळीने माझं डोकं फिरलं ती: "नेट जावो, वीज जावो, ईएसबी मध्ये असला की एकही मेसेज हरवत नाही." हे कोकणातल्या माणसाला सांगताय? निसर्ग वादळानंतर किती गावं किती दिवस अंधारात होती, ते विसरलात?

कॅमलमध्ये 'सेडा' नावाची रांग सर्रास वापरतात. तिच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिलंय की मेसेजवर काम व्हायचं बाकी असताना जावाची प्रक्रिया बंद पडली, तर ते टिकवायची किंवा परत मिळवायची सोय यात नाही. भरवसा हवा असेल तर जेएमएस (मेसेज ब्रोकरमार्फत पाठवायची जावाची पद्धत) वापरा. बनवणारेच हे सांगतायत. सिनॅप्सच्या इन-मेमरी मेसेज स्टोअरचंही तेच: रॅममध्ये आहे तोवर आहे. मेसेज टिकवायचा तर डिस्कवर लिहिणारा ब्रोकर (मेसेज सांभाळून पुढे देणारा प्रोग्राम) किंवा डेटाबेस जोडावा लागतो. तो वेगळा बसवायचा, वेगळा सांभाळायचा.

आणि दुसरं संकट याहून वाईट. कुरिअरकडे विनंती पोचली, तिकडे बुकिंग झालं, पण उत्तर यायच्या आत नेट गेलं. ईएसबीला वाटतं काम झालं नाही, तो पुन्हा पाठवतो. एका पेटीची दोन बुकिंगं, भाडंही दोनदा. यावर उपाय म्हणजे प्रत्येक ऑर्डरला तिचा स्वतंत्र क्रमांक द्यायचा आणि तो आधी पाठवलाय का हे तपासायचं. कॅमलमध्ये त्याची तयार सोय आहे. पण पाठवलेल्या क्रमांकांची नोंद मेमरीत ठेवली, तर रिस्टार्टनंतर तीही कोरी. ती डेटाबेसमध्येच हवी. हे न सांगता "हरवत नाही" म्हणणं म्हणजे ऐन हंगामात लोकांचे पैसे बुडवणं आहे.

"कोड लिहावा लागत नाही" हे अर्धं खरं. एका सॉफ्टवेअरकडून सोप पद्धतीचा एक्सएमएल घेऊन समोरच्याला जेसन द्यायचं, म्हणजे माहिती एका साच्यातून दुसऱ्या साच्यात बदलायचं काम ईएसबी खरोखर सोपं करतो, मीही त्यासाठीच वापरते. पण पत्त्यात पिनकोड नसेल तर काय करायचं, हे स्क्रीनवर चौकटी जोडणारे बाण ओढून ठरत नाही.

"कोड उघडा म्हणून आपोआप सुरक्षित" हेही नको. लॉगफोरजे या जावा प्रोग्रामांच्या नोंदी ठेवणाऱ्या ओपन सोर्स लायब्ररीतली, सुरक्षेला भोक पाडणारी चूक डिसेंबर २०२१ मध्ये जगासमोर आली. ती कोडमध्ये २०१३ पासून होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. अपडेट तुम्हालाच टाकावे लागतात.

भावाला मी सांगितलं, तीन सॉफ्टवेअर जोडायला ईएसबीची गरज नाही, एक छोटा प्रोग्राम आणि डेटाबेसमधला एक तक्ता पुरे. तरी ईएसबीच हवा असेल, तर हंगामाआधी शंभर खोट्या ऑर्डरी सोड. कुरिअरची चाचणीची सोय असेल तर तीच वापर, खऱ्या बुकिंगला हात लावू नकोस. मध्येच सर्व्हरचा प्लग उपट, पुन्हा चालू कर आणि पलीकडे किती बुकिंगं झाली ते मोज. नव्व्याण्णव आली किंवा एकशे एक आली, तर मला फोन कर.