‘परवानगी मिळत नाही, गुन्हा मात्र नक्की’: या फॉरवर्डमध्ये खरं किती?

आंदोलनाचा विषय निघाला की सोसायटीच्या आणि कॉलेजच्या ग्रुपवर या अर्थाचा मजकूर हमखास फिरतो: रस्त्यावर उतरायचे दिवस गेले, पोलीस परवानगी देत नाहीत, गेलात तर गुन्हा, मग पासपोर्ट आणि नोकरी विसरा, त्यापेक्षा ऑनलाइन याचिकेवर सह्या करा, लाख सह्या झाल्या की सरकारला दखल घ्यावीच लागते. शेवटचा मुद्दा आधी घेऊ. बाकीची भीती पचते ती या आश्वासनामुळेच.

लाख सह्या. असा नियम आपल्याकडे नाही. लाख सह्यांनंतर संसदेत चर्चेचा विचार होतो तो ब्रिटनमध्ये, आणि तिथेही फक्त संसदेच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या याचिकेचा. आपल्याकडे कायदा ज्या हरकतीची दखल घेतो ती ठरलेल्या कार्यालयात, ठरलेल्या मुदतीत पडावी लागते. शहरातल्या झाडतोडीच्या नोटिशीवर सात दिवस, नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली विकास आराखड्यात होणाऱ्या फेरबदलावर एक महिना. हरकतीवर नाव, पत्ता, सही आणि झाडाचा किंवा सर्व्हे नंबर हवा. दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन परत यायचं.

हरकती दिल्या की काम झालं, असंही नाही. मुंबईतल्या आरेत मेट्रो कारशेडसाठीच्या झाडतोडीवर 80 हजारांहून अधिक हरकती आल्या, तरी ऑगस्ट 2019 मध्ये वृक्ष प्राधिकरणाने मंजुरी दिली. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. मोबाइलवर बातमी पसरली, लोक तिथे पोहोचले, 29 जणांना अटक झाली. विधी विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेत 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, पण तोवर 2,141 झाडं पडली होती. पोस्ट, हरकत, गर्दी आणि कोर्ट ही चार वेगळी कामं आहेत. एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही.

परवानगी मिळत नाही. अर्धसत्य. शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या कलम 19 मध्ये आहे. सरकार त्याचं नियमन करू शकतं, सरसकट बंदी घालू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच हिंमतलाल शहा खटल्यात सांगितलं. दुसरी बाजूही तितकीच पक्की: दिल्लीतल्या शाहीनबागेच्या धरण्यावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानुसार रस्ता बेमुदत अडवता येत नाही.

महाराष्ट्रात अडचण येते ती पोलीस कायद्याच्या कलम 37(3) च्या जमावबंदीची. शासनाच्या मंजुरीशिवाय हा आदेश पंधरा दिवसांच्या पुढे चालत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा निघतो. त्यावरचा उपाय म्हणजे परवानगीचा अर्ज. किमान आठवडाभर आधी स्थानिक पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना द्यावा, प्रत वाहतूक शाखेला. त्यात तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, दोन-तीन आयोजकांची नावं आणि फोन. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी मागावी. संख्या फुगवू नये. ‘दहा हजार’ लिहिलं की बंदोबस्ताचं कारण देऊन नकार देणं सोपं जातं, आणि आले दोनशे तर बातमी तीच होते.

नकार तोंडी मिळाला तर तो नकार धरू नका. कारणासह लेखी मागा, सोबत पर्यायी जागा किंवा वेळ सुचवा. उच्च न्यायालयात जायचं झालं तर हाच कागद लागतो. आदल्या दिवशी बहुतेकदा ‘149 ची नोटीस’ येते (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 168). ती ताकीद आहे, गुन्हा नव्हे. तारीख-वेळ टाकून सही करायची आणि प्रत ठेवायची. ही नोटीस बघून घाबरलेल्या आयोजकानेच ग्रुपवर ‘कार्यक्रम रद्द’ टाकल्याची उदाहरणं कमी नाहीत.

गुन्हा, पासपोर्ट, नोकरी. इथे तीन गोष्टी एकात कालवल्या आहेत. गाडीत घालून ठाण्यात नेणं आणि संध्याकाळी सोडणं हे बहुधा पोलीस कायद्याच्या कलम 68-69 खाली असतं. त्याला एफआयआर म्हणत नाहीत. अटक असेल तर कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं, 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं. नुसत्या एफआयआरने पासपोर्ट कायमचा अडत नाही. न्यायालयात खटला उभा राहिला तर त्या न्यायालयाची परवानगी लागते.

नोकरीत खरा धोका गुन्हा लपवण्याचा. नोकरीच्या वेळी भरायच्या साक्षांकन नमुन्यात (पूर्वेतिहासाच्या फॉर्ममध्ये) विचारलं तर खरं लिहा. 2016 च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ गुन्ह्याचं उदाहरण देताना तरुण वयातल्या घोषणाबाजीचाच उल्लेख केला आहे. मात्र दगडफेक, पोलिसाला धक्काबुक्की, मालमत्तेचं नुकसान ही वेगळी कलमं आहेत. आणि आधीच सरकारी नोकरीत असलेल्यांना वर्तणूक नियम लागू आहेत. त्यांच्यापुरता फॉरवर्डचा इशारा खरा.

रस्त्यावर उतरून मिळतं काय? मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला सुमारे 180 किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांना 12 तारखेला लेखी आश्वासन मिळालं. दहावीची परीक्षा अडू नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतच चालून काढला. त्यांच्या सोललेल्या पायांचे फोटो देशभर फिरले, पण आधी ते पाय चालले होते. अंमलबजावणीसाठी मात्र 2019 आणि 2023 मध्ये पुन्हा निघावं लागलं.

म्हणून निवेदन एका पानाचं, एका अधिकाऱ्याच्या नावे, त्याच्या अधिकारातल्या एकाच मागणीचं असावं. जिल्हाधिकारी कार्यालयात ते बहुधा निवासी उपजिल्हाधिकारी घेतात. वेळ आधी ठरवा, आत पाच जण पाठवा. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. दीडशे शब्दांच्या आत, विषय एकच: ‘आवक क्रमांक अमुकच्या निवेदनावर कोणत्या तारखेला कोणी काय शेरा लिहिला, त्याच्या प्रती.’