रिकार्डो शिकवायचाय? मग शेतसाऱ्यापासून सुरुवात करा

आर्थिक विचारांच्या इतिहासाचे उन्हाळी अभ्यासवर्ग एकाच साच्यातून निघतात. स्मिथ, रिकार्डो, मार्क्स, केन्स, आणि शेवटच्या दुपारी नौरोजी, रानडे, आंबेडकर एका तासात कोंबलेले. खान्देशात वर्ग घेणाऱ्यांनी तरी हा साचा मोडावा. इथे रिकार्डो पुस्तकातून नाही, जमाबंदीतून, म्हणजे सरकारी सारा ठरवण्यातून आला.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा ग्रंथ १८१७ चा. निकस जमिनीपेक्षा चांगल्या जमिनीत जो वाढावा मिळतो, तो त्याचा 'रेंट'. अर्थशास्त्रज्ञ माल्थस तेव्हा इंग्लंडात हेलीबरीला ईस्ट इंडिया कंपनीच्या भावी अधिकाऱ्यांना अर्थशास्त्र शिकवत होता. त्याचाच विद्यार्थी, कंपनीचा अधिकारी प्रिंगल. त्याने हाच वाढावा धरून सारा ठरवायला १८२० च्या दशकात पुणे भागात पाहणी केली: उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करा, उरलेल्याचे ५५ टक्के सरकारचे.

हे वर्गात फळ्यावर मांडाच. तीन सारख्या आकाराची शेतं, ज्वारी १०, ८ आणि ६ मण, खर्च प्रत्येकी ६ मण. उरलं ४, २ आणि शून्य. पहिल्या शेताचा सारा २.२ मण. भाव मणाला २ रुपये धरला तर ४ रुपये ४० पैसे (हिशोबासाठी आजचे पैसे, तेव्हाचे आणे नकोत). आता भाव १ रुपयावर आणा. सारा रोखीत ठरलेला, म्हणजे ४.४ मण विकावे लागतात आणि खर्च जाऊन हातात आहेत ४. सिद्धांत बरोबर, शेतकरी बुडाला! शिवाय प्रत्येक मातीचा खरा खर्च काढणं कारकुनांच्या आवाक्याबाहेरचं होतं. आकडे फुगले, जमिनी पडीक पडल्या.

मग विंगेट आणि गोल्डस्मिड हे अधिकारी आले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. मातीची खोली आणि पोत पाहून आण्यांत प्रतबंदी, म्हणजे जमिनीची प्रतवारी, सर्वोत्तम माती सोळा आणे, आणि दर तीस वर्षांसाठी कायम. हीच मोजणी १८५२ मध्ये खान्देशात आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोलकडे लोक तिच्याविरुद्ध उठले. हा प्रसंग वर्गात एक पूर्ण दिवस मागतो. त्याला तळटीप करू नका.

शब्दांचं भान ठेवा. रिकार्डोच्या 'रेंट'ला 'भाडं' म्हटलंत की घोटाळा सुरू. कुळ मालकाला देतं तो खंड, सरकारला जातो तो सारा, आणि रिकार्डो म्हणतो तो सर्वांत निकस जमिनीपेक्षा जास्त मिळालेला वाढावा. तिन्ही शब्द पहिल्याच सकाळी फळ्यावर लिहून ठेवा, शेवटपर्यंत पुसू नका.

आवृत्तीही तपासा. यंत्रांवरचं प्रकरण रिकार्डोने १८२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत घातलं. पहिली आवृत्ती वाटलीत तर चर्चा अर्ध्यावर अडते. आंबेडकरांचा रुपयावरचा प्रबंध (१९२३) केन्सच्या भारतीय चलनावरच्या १९१३ च्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचा. वाद खरा कळतो. नुसत्या गौरवाने नाही.

बाकी व्यवहाराचं. वीसच माणसं, त्याहून जास्त झाली की भाषणं सुरू होतात. वाचनाची पानं तीन आठवडे आधी, दिवसाला चाळीसच्या आत. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात दुपारी डोकं चालत नाही, म्हणून सत्रं सकाळी सात ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. दुपारी झोपा, भरपूर ताक प्या. जागा? अमळनेर. तत्त्वज्ञान मंदिराचं गाव आहे, शांत बसून वाचणं तिथे कुणाला नवल वाटणार नाही.

आणि पाहुण्या प्राध्यापकांना वीस मिनिटांवर गप्प करायला एक घंटा ठेवा. ती वाजवायला धीट माणूस लागतो.