ऊस, जिनिव्हा आणि बंद पाडलेलं अपील

गाळप हंगाम आला की "डब्ल्यूटीओ (जिनिव्हातली जागतिक व्यापार संघटना) आपल्या उसाचा दर पाडणार" अशी एक पोस्ट फिरते. तिच्याखाली हमखास एक कॉमेंट असते की ती संघटना केव्हाच मेली, तिला विचारतंय कोण. मला दोन्ही पटत नाहीत. संघटना जिवंत आहे, 166 सदस्य आहेत, समित्यांच्या बैठका रोज चालतात. बंद पडलंय ते एकच दालन, देशांच्या वादांवरची अपिलं ऐकणारं अपील मंडळ, आणि आपली उसाची फाइल नेमकी तिथेच आहे.

2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला भारताविरुद्ध तिथे गेले. विकसनशील देशाला एखाद्या पिकाला त्याच्या उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंतच आधार देता येतो, एफआरपीमुळे (कारखान्यांनी उसाला द्यायचा, केंद्र सरकारने ठरवलेला किमान दर) भारत त्याच्या कितीतरी पुढे गेलाय, ही मुख्य तक्रार. आधी वाद ऐकणाऱ्या तज्ज्ञांच्या पॅनेलचा निकाल 14 डिसेंबर 2021 ला आला: 2014-15 ते 2018-19 हे पाचही हंगाम मर्यादेबाहेर. शिवाय निर्यातीशी जोडलेली अनुदानं, निकाल मंजूर झाल्यापासून 120 दिवसांत मागे घ्या.

यातलं गणित बघण्यासारखं आहे. सरकारने बांधलेल्या दरातून 1986-88 चा संदर्भ दर वजा करायचा आणि येणाऱ्या फरकाला त्या दरास पात्र असलेल्या सगळ्या उत्पादनाने गुणायचं. 2018-19 ची एफआरपी 10 टक्के साखर उताऱ्याला टनाला 2,750 रुपये. संदर्भ दर टनाला साधारण 156 रुपये. मधल्या तीस वर्षांची महागाई जमेत धरलीच जात नाही, म्हणून जवळजवळ अख्खी एफआरपी 'अनुदान' ठरते. भारताचं म्हणणं होतं की हे पैसे कारखाने देतात, सरकार उसाचं एक टिपरूही विकत घेत नाही. पॅनेलने ते मानलं नाही. दर सरकारने बांधला एवढं त्यांना पुरलं. तांदळाला निदान 2013 च्या बाली परिषदेतल्या 'शांतता कलमा'ची ढाल आहे, म्हणजे मर्यादा ओलांडली तरी त्यावर वाद नेता येत नाही. ती सरकारी धान्यसाठ्यासाठी आहे, उसाला लागू होत नाही.

जानेवारी 2022 मध्ये भारताने अपील केलं. तेव्हा अपील मंडळात ऐकायला एकही माणूस नव्हता!

मंडळ सात जणांचं, प्रत्येक प्रकरण तिघे ऐकतात. नेमणुकीला सर्वसहमती लागते, म्हणजे एक देश नको म्हणाला की नेमणूक अडली. 2017 पासून अमेरिका तेच करतेय. 10 डिसेंबर 2019 ला दोघांची मुदत संपली (त्यातले एक भारताचे उजलसिंह भाटिया होते), उरली एकच सदस्य, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये तिचीही मुदत संपली. निकालाच्या बाबतीत मात्र नियम बरोबर उलटा. पॅनेलचा निकाल रोखायचा तर सगळ्यांचं एकमत हवं, जिंकलेल्या देशासकट. तो कशाला हो म्हणेल? म्हणून निकाल आपोआप मंजूर होतो. अपवाद एकच, अपील. अपील दाखल असेपर्यंत निकाल मंजूर होत नाही, आणि ऐकायला कुणी नसेल तर अपील कधी संपतच नाही. 1995 मध्ये इतकी विचारपूर्वक बांधलेली व्यवस्था एका देशाच्या नकारावर बंद पडली, ती या दोन नियमांच्या सांध्यात.

अमेरिकेची तक्रार अगदीच पोकळ नाही, हेही सांगायला हवं. अपील 90 दिवसांत निकाली काढायचं बंधन वारंवार मोडलं गेलं, मुदत संपलेले सदस्य हातातली प्रकरणं पुढे चालवत राहिले. पण त्यावर दुरुस्ती सुचवण्याऐवजी अख्खं दालनच बंद ठेवायचं, याला मी तरी दादागिरीच म्हणेन. नेमणुका सुरू करा हा 130 देशांचा प्रस्ताव 80 हून अधिक बैठकांत तसाच परत गेलाय.

आता ज्यांना वाटतं की आपली साखर वाचली, छान झालं, त्यांच्यासाठी दुसरी बाजू. जून 2019 मध्ये अमेरिकेतल्या राज्यांच्या सौरऊर्जा वगैरे अनुदानांविरुद्ध भारत जिंकला होता. ऑगस्टमध्ये अमेरिकेने अपील केलं आणि आपला विजय तिथेच अडकला. शेवटी 2023 मध्ये मोदींच्या अमेरिका भेटीच्या वेळी सहा वाद एकदम आपसात मिटवले गेले, त्यात हाही गेला. आपसात मिटवताना कायदा कुणाच्या बाजूचा होता याला फारशी किंमत राहत नाही. कुणाची बाजारपेठ मोठी, ते चालतं. अमेरिकेला ते परवडतं. आपल्याला दरवेळी परवडेल का?

युरोपीय संघ, चीन, ब्राझील, ऑस्ट्रेलिया यांनी 2020 पासून आपापसात पर्यायी लवाद उभा केलाय, 2023 मध्ये जपानही त्यात आला. भारत त्यात नाही. आपली अधिकृत मागणी जुनं मंडळ परत आणा अशी आहे. माझ्या मते ही भूमिका सोयीची आहे, कारण मागणीही करता येते आणि उसाचं प्रकरण आणि मोबाइल फोनवरच्या आयातशुल्काची प्रकरणं अपिलात अडकवूनही ठेवता येतात. पण मंडळ खरंच उद्या सुरू झालं तर उसाची सुनावणी होणार, आणि संदर्भ दर तोपर्यंत 1986-88 चाच असेल. तो बदलून घ्यायला वाटाघाटी लागतात, त्यांना पुन्हा सर्वसहमती लागते, आणि त्या टेबलावर ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया समोरच बसलेले असतात.