ते आठ कॅच

सकाळपासून डोकं फिरलंय. दिवसभर कामात होते म्हणून गप्प बसले, आता लिहिते. लांब होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जा.

आमच्या सोसायटीच्या लेडीज ग्रुपवर आज एकीने व्हिडिओ टाकला. पाकिस्तानच्या मुली कॅच सोडतायत, एक सुटला की दुसरा, मागे सर्कशीसारखं म्युझिक, आणि खाली हसून हसून डोळ्यात पाणी आलेल्या इमोजींची ही मोठी रांग. एकीने लिहिलं, "ह्यांना कोणी सांगितलंय खेळायला, घरी बसा म्हणावं." त्याला अकरा जणींनी अंगठा दिला. मोजले मी. अकरा बायका. त्यातल्या तिघींच्या मुली रोज संध्याकाळी बॅडमिंटनला जातात आणि त्यांना स्कूटीवर सोडायला ह्याच जातात.

तो सामना मला पाठ आहे. 14 ऑक्टोबर 2024, दुबई, टी-20 वर्ल्ड कप. न्यूझीलंडच्या 110 झाल्या आणि पाकिस्तान 56 वर ऑल आउट. आठ कॅच सोडले हे खरंय, त्यातले काही अगदी हातातले होते, ते मी नाकारत नाही. पण त्या व्हिडिओतून एक गोष्ट कापून टाकलीय. सामन्याआधी राष्ट्रगीत चालू असताना त्यांची कॅप्टन फातिमा सना रडत उभी होती. चारच दिवसांपूर्वी तिचे वडील गेले होते. ती कराचीला गेली, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना तिच्याशिवाय झाला, आणि वडिलांचं सगळं उरकून ही बावीस वर्षांची पोर परत येऊन मैदानात उभी राहिली. त्या 56 मधल्या सगळ्यात जास्त धावा, 21, तिच्याच होत्या.

आणि अजून एक. त्या रात्री आपल्या पोरींचं सेमीफायनलचं तिकीट त्या सामन्यावर अडकलं होतं. पाकिस्तान जिंकलं तरच आपण पुढे जाणार होतो. ह्याच ग्रुपवर त्या रात्री हात जोडलेले इमोजी पडत होते हो! पाकिस्तानी मुलींसाठी! तेव्हा "घरी बसा" कोणाला सुचलं नाही.

घरी बसा. हा शब्द ऐकला की मी थेट 1994 मध्ये जाते. माझ्या जवळच्या लोकांना हे माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. मी नववीत होते, मिरजेजवळच्या आमच्या गावात खो-खो खेळायचे. चांगली खेळायचे. खांबावर सूर मारून गडी बाद करणं हे माझं खास, दोन्ही ढोपरं कायम फुटलेली, आजी रात्री हळद भरायची आणि शिव्या द्यायची. जिल्ह्याच्या कुमारी संघात निवड झाली, राज्य स्पर्धा होती, पाच दिवस बाहेर राहायचं होतं. आईने जुन्या चादरीची पिशवी शिवली होती, तिला आतून कप्पापण केला होता, पट्टी आणि हळदीची पुडी ठेवायला. आदल्या संध्याकाळी मोठे काका, आम्ही अण्णा म्हणायचो, ते आले आणि म्हणाले, पोरगी चार रात्री बाहेर राहणार? चारचौघांत चड्डीवर पळणार? घरी बसा म्हणावं. संपलं. आमच्या खेळाच्या बाई घरी आल्या, तासभर बसल्या, त्यांच्या चहावर साय धरली. आणि माझे बाबा, ज्यांनी मला अंगणात खुणा आखून पळायला शिकवलं होतं, ते पेपर उघडून बसले होते. पान उलटत नव्हते. नुसते धरून बसले होते.

म्हणून मला त्या मुली खेळताना दिसल्या की मी आधी हे बघत नाही की जिंकल्या का हरल्या. मी विचार करते की हिच्या घरात त्या संध्याकाळी कोण काय बोललं असेल.

पाकिस्तानातल्या, अफगाण सीमेवरच्या वझिरिस्तानची मारिया तूरपकाई घ्या. स्क्वॉशपटू. चार वर्षांची असताना तिने स्वतःचे फ्रॉक जाळले, केस कापले, भावाचे कपडे घातले. आणि तिच्या बापाने काय करावं? हसला आणि म्हणाला आजपासून तू चंगेज खान. त्याच नावाने तिला पेशावरला मुलांच्या वेटलिफ्टिंगमध्ये उतरवलं. पुढे स्क्वॉशसाठी जन्मदाखला मागितला तेव्हा ती मुलगी आहे हे बाहेर आलं, मग तालिबानच्या धमक्या सुरू झाल्या, ती कित्येक वर्षं घराबाहेर पडली नाही, खोलीच्या भिंतीवर बॉल मारत राहिली. जगभरातल्या क्लबांना मेल पाठवत राहिली आणि शेवटी कॅनडातून जोनाथन पॉवरचं, म्हणजे स्क्वॉशच्या एका माजी नंबर वन खेळाडूचं, उत्तर आलं. जिथे मुलींच्या शाळा उडवल्या जातात तिथला तो बाप. आणि आमच्या गावात तालिबान नव्हतं हो, फक्त अण्णा होते, तरी माझ्या बाबांच्या तोंडातून शब्द फुटला नाही. हे लिहिताना आता, एकतीस वर्षांनी, माझा हात थरथरतोय.

कोणीतरी कमेंटमध्ये येणारच की ताई, तिथे धर्माचा प्रश्न आहे, त्याची आपल्याशी बरोबरी करू नका. नाही करत. 2005 साली गुजरांवालात मुली मुलांबरोबर धावणार म्हणून धर्माच्या नावाने लोकांनी लाठ्या घेऊन शर्यतीवर हल्ला केला, गाड्या जाळल्या, हे मला माहितीये. पण पुढचं पण ऐका ना. दीडेक महिन्यात लाहोरमध्ये अस्मा जहांगीर, पन्नाशी ओलांडलेली वकील बाई, बायका-पुरुषांना घेऊन धावायला रस्त्यावर उतरली, पोलिसांनी तिला भर रस्त्यात ओढून नेलं. आणि त्याच गुजरांवालाची निदा दार, जी तेव्हा अठरा वर्षांची होती, तिने 2021 मध्ये टी-20 इंटरनॅशनलमध्ये 100 विकेट घेतल्या. पाकिस्तानातर्फे पहिली. पुरुष धरून पहिली. सगळ्यांच्या आधी. ह्याचा व्हिडिओ कोणी फॉरवर्ड केला नाही मला.

तिथल्या बायकांच्या क्रिकेटची सुरुवात कशी झाली ते तर कोणाला माहीतच नाही. कराचीच्या दोन बहिणी, शायझा आणि शर्मीन खान. वडिलांचा गालिच्यांचा धंदा, मुली इंग्लंडला शिकायला होत्या, म्हणजे पैसा होता, हे कबूल. पैसा नसता तर हे झालंच नसतं. पण 1996 मध्ये बायकांची टीम उभी करतो म्हटल्यावर कोर्टात केसेस आणि जिवे मारायच्या धमक्या आल्या त्या पैशाने थांबल्या नाहीत. फेब्रुवारी 1997 मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने त्यांच्यासमोर 397 केल्या आणि ह्यांची अख्खी टीम 23 वर आऊट. तेवीस! त्याच वर्षी वर्ल्ड कपला आपल्याकडे आल्या, हैदराबादला 27 वर आऊट. तेव्हा व्हॉट्सॲप असतं तर किती हसले असते सगळे. आणि सातच वर्षांनी, मार्च 2004, कराचीत, वेस्ट इंडीजविरुद्ध टेस्टमध्ये त्यांची किरण बलूच एकटीने 242 करते. बायकांच्या टेस्टमधला आजपर्यंतचा सगळ्यात मोठा स्कोअर तोच आहे. आपल्या मितालीच्या 214 च्या वर. त्याच सामन्यात शायझाने 13 विकेट काढल्या. आणि त्यानंतर पाकिस्तानच्या मुलींना एकही टेस्ट खेळायला मिळाली नाही. एकही नाही. वीसहून जास्त वर्षं झाली. 242 करून माणूस घरी बसतो म्हणजे काय, ते मला विचारा. मी पाच दिवसांच्या स्पर्धेला मुकले तर अजून रडते.

शर्मीन 2018 ला गेली, न्यूमोनियाने. पन्नाशीपण गाठली नाही.

आता पहलगामचं कोणीतरी काढेल. मी विसरलेले नाही. 2025 च्या वर्ल्ड कपला कोलंबोत आपल्या मुलींनी हात मिळवले नाहीत, तो त्यांचा निर्णय, मी त्यावर बोलणार नाही. पण त्याआधीचा 6 मार्च 2022 पण विसरले नाहीये. न्यूझीलंडला सामना संपल्यावर त्यांची तेव्हाची कॅप्टन बिस्माह मारूफच्या सहा महिन्यांच्या पोरीभोवती आपल्या पोरी गोळा झाल्या होत्या, आपली सांगलीची स्मृतीपण होती त्यात, बाळाशी खेळत. स्मृतीने नंतर लिहिलंपण होतं की हिने बॅट धरावी ती डावखुरीच धरावी, कारण ती आणि बिस्माह दोघी डावखुऱ्या. बिस्माहला मूल झाल्यावर खेळता आलं ते त्यांच्या बोर्डाने बाळंतपणाची पगारी रजा सुरू केली म्हणून. त्याआधी ती खेळ सोडायच्या विचारात होती. पाकिस्तानच्या बोर्डाचं चांगलं बोलायची माझी इच्छा नाही, पण हे त्यांनी केलं, तर केलं म्हणायचं.

आणि सगळ्याच काही क्रिकेटच्या नाहीत. नसीम हमीद, कराचीच्या कोरंगी वस्तीतली, अख्खं कुटुंब एका खोलीत, 2010 ला ढाक्यात 100 मीटर 11.81 सेकंदात धावून दक्षिण आशियातली सगळ्यात वेगवान बाई झाली. कराचीच्याच ल्यारीत, जिथलं नाव आपल्याला फक्त गँगवॉरसाठी माहीत आहे, तिथे मुली बॉक्सिंग शिकतात. डायना बेग गिलगिटकडची, देशासाठी फुटबॉल पण खेळली आणि क्रिकेट पण.

एक नाव लिहू की नको असं चाललं होतं मघापासून. शाहिदा रझा. क्वेट्टाची, हजारा समाजाची. पाकिस्तानकडून हॉकी खेळली, फुटबॉल खेळली. तिचा लहान मुलगा अपंग होता, त्याच्या उपचारासाठी काहीतरी होईल ह्या आशेने ती एकटी निघाली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ती बोट फुटली. देशाची जर्सी घातलेली बाई चोरट्या बोटीत बसून समुद्रात बुडाली. ह्यावर पण लावा म्युझिक.

राग कमी झाला थोडा. त्या अकरा जणी वाईट नाहीत, मला माहितीये. माझ्या ऑपरेशनच्या वेळी ह्यांच्यातल्याच चौघींनी पाळी लावून डबे दिले होते. मी ग्रुपवर भांडले नाही. फक्त फातिमा सनाचा राष्ट्रगीताचा तो व्हिडिओ शोधून टाकला, खाली लिहिलं की तुमचा व्हिडिओ ह्याच दिवसाचा आहे. एकीने आपली कमेंट डिलीट केली. बाकीचे अंगठे अजून आहेत.

दुपारी बाबांना फोन केला. ते 79 वर्षांचे आहेत, मिरजेलाच असतात, ऐकू कमी येतं पण क्रिकेट सगळं बघतात, बायकांचं पण. नवी मुंबईला आपण वर्ल्ड कप जिंकलो त्या रात्री मला साडेबाराला फोन केला होता. मी त्यांना सकाळचं सगळं सांगितलं, आठ कॅच, म्युझिक, सगळं. अण्णांचं नाव काढलं नाही, ते पण काही बोलले नाहीत. बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज येत होता. मग म्हणाले, "ती वडील गेलेली पोरगी ना? कराचीची?"

हो म्हटलं.

"अजून कॅप्टन आहे का ती?"

आहे म्हटलं.

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि आईची ती पिशवी अजून माळ्यावर आहे, पुढच्या वेळी येशील तेव्हा घेऊन जा म्हणाले. मला माहीतच नव्हतं की त्यांनी ती ठेवलीय.