वेगळं शिबिर कशाला, म्हणे!

कोल्हापुरात माझी पुतणी आणि तिच्या मैत्रिणी कॉलेजातल्या मुस्लिम मुलामुलींसाठी दोन दिवसांचं निवासी शिबिर घेताहेत. सभा कशी चालवायची, इतिवृत्त कसं लिहायचं, माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा, आणि सकाळी तासभर कुराणाचा अर्थ, मराठीतून. एवढंच. मी कौतुकाने ती पत्रिका शाळेच्या ग्रुपवर टाकली, तर एका जुन्या मित्राने लिहिलं, ‘वेगळं शिबिर कशाला? विद्यार्थी म्हणून या, मुसलमान म्हणून कशाला?’ त्याखाली पटापट अंगठे पडले. तीन आठवडे झाले, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मित्रा, दसरा चौकातून तू रोज जातोस. तिथलं मुस्लिम बोर्डिंग कुणामुळे उभं राहिलं? १९०६ साली शाहू महाराजांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली. मराठा, जैन, लिंगायत, दलित, सगळ्यांच्या मुलांसाठी त्यांनी वसतिगृहं उभी केली. महाराज काय समाज फोडत होते? ज्या घरात शिकलेलं कुणी नाही, त्या घरच्या पोराला आधी पाय टेकायला जागा लागते, हे त्यांना कळत होतं. माझे अब्बा त्याच बोर्डिंगात पत्र्याची ट्रंक घेऊन राहिले. पुढे तीस वर्षं सरकारी टेबलावर बसले आणि समोरचा कोणत्या जातीचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला, मी विद्यापीठाच्या आयसॉकला, म्हणजे मुस्लिम विद्यार्थ्यांच्या इस्लामिक सोसायटीला, जमेल तशी मदत करतो. मार्चमध्ये त्यांची वार्षिक सभा होती. खजिनदार एकोणीस वर्षांची मुलगी, समोर क्वालिटी स्ट्रीट चॉकलेटांचा रिकामा डबा, त्यात वर्षभराच्या पावत्या. हिशेबात ११ पौंड ४० पेन्स कमी पडत होते. इफ्तारच्या खजुरांची पावती हरवली होती. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने तिला अर्धा तास उभं-आडवं विचारलं. ती लाल झाली, पण खाली बसली नाही. पावती हरवली हे तिने स्वतःच इतिवृत्तात लिहायला लावलं. नेतृत्व म्हणजे काय ते मला त्या डब्यापाशी दिसलं. आता तीच मुलगी स्टुडंट्स युनियनच्या निवडणुकीला उभी राहायचं म्हणतेय, आणि तिचा प्रचार करायला तिच्या मजल्यावरच्या गुजराती आणि पंजाबी मुली तयार आहेत. झारा मोहम्मद २०२१ मध्ये मुस्लिम कौन्सिल ऑफ ब्रिटनची पहिली महिला सरचिटणीस झाली, वय २९. त्याआधी ती मुस्लिम विद्यार्थ्यांच्याच देशव्यापी संघटनेची अध्यक्ष होती. वेगळ्या खोलीत शिकलेली माणसं खोलीतच राहत नाहीत.

इथे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. २०१५ पासून विद्यापीठांवर ‘प्रिव्हेंट’ची, म्हणजे दहशतवादाकडे वळण्याचा धोका असलेले विद्यार्थी वेळीच हेरायच्या सरकारी योजनेची, सक्ती आहे, आणि आपल्यावर कुणाची तरी नजर आहे असं मुलांना वाटत राहतं. धर्मात व्याज निषिद्ध म्हणून शिक्षणाचं कर्ज न घेता रात्री गोदामात राबणारी पोरं मी पाहिली आहेत. पण बोलायला उभं राहिलं की त्यांना कुणी ‘तुम्ही वेगळे का?’ विचारत नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

आणि मुख्य प्रवाहात या म्हणता, तर यायची वाट कुठे ठेवलीत? महाराष्ट्रात कॉलेजातल्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितलं होतं की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे मुसलमान एक. अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप केंद्र सरकारने २०२२ मध्ये बंद केली. या सगळ्यावर आमच्या ग्रुपवर एक अंगठा पडला नव्हता.

आमच्यातल्या वडीलधाऱ्यांवरही माझा तेवढाच राग आहे. ‘शिबिर घ्या, पण मुलींचा मुक्काम नको’ म्हणाले. शिबिर मुलींनीच उभं केलंय, हॉलचं भाडं त्यांनी गोळा केलंय, आणि मुक्काम तेवढा मुलांचा! पुतणीने त्यांना चहाला बोलावलं, खोल्यांची यादी समोर ठेवली आणि सोबतीला तीन आयांची नावं दिली. मला हे जमलं नसतं.

खरंच जमलं नसतं. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी समिती नेमायची होती तेव्हा सरांनी वर्गात विचारलं होतं, कोण येतंय? मला यायचं होतं. हात वर गेला नाही. आपलं नाव वाचलं की वर्ग वळून बघेल, ही भीती. कुणी अडवलं नव्हतं, पण हात वर करायला कुणी शिकवलंही नव्हतं. सभेत तोंड उघडायला मी शिकलो ते चाळिशीत, इथे, परक्या भाषेत. मित्राच्या त्या वाक्याचा एवढा राग का येतो, ते मला ठाऊक आहे. त्या बाकावर माझ्या शेजारी तोच बसला होता.

शिबिरात एक सत्र मतदार यादीचं आहे. सरावासाठी मुलांनी आपापल्या प्रभागाची यादी घरोघरी जाऊन तपासली. परवा पुतणीचा फोन आला. ‘चाचा, आपल्या पत्त्यावर तुमचं नाव अजून आहे. तुम्ही तर तिकडचा पासपोर्ट घेतलात ना? मग फॉर्म ७ भरून कमी करायला लागेल. भरू?’

मी म्हटलं, उद्या सांगतो. तिने दोनदा विचारलंय.