फोरममध्ये म्हणे कधी खुर्ची रिकामी राहिली नाही!

आइस हॉकीच्या चाहत्यांमध्ये एक मजकूर बरीच वर्षं फिरतोय. त्याचा आशय असा: कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातलं फोरम हे आइस हॉकीचं बंदिस्त मैदान 1924 साली कॅनेडियन्स संघासाठी बांधलं गेलं, 72 वर्षांत तिथली एकही खुर्ची रिकामी राहिली नाही, 1955 ची दंगल म्हणजे लाडक्या खेळाडूपायी चाहत्यांनी घातलेला एका रात्रीचा धुडगूस होता, आणि 1996 मध्ये फोरम पाडल्यावर तिथली भुतं रुसली, म्हणून या संघाला आजतागायत स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, मिळालेलं नाही. वाचायला झकास आहे. अडचण एवढीच की यातलं एकही विधान तपासाला टिकत नाही. शिवाय ही गर्दी जन्मजात निष्ठावान होती असं एकदा धरून चाललं, की ती कशी जमली, का पांगली आणि पुन्हा कशी आली, हे विचारायचंच राहून जातं.

बांधकामापासून सुरुवात करू. फोरम कॅनेडियन्ससाठी नव्हतंच, ते होतं मरून्ससाठी. शहरातलं वेस्टमाउंट अरीना 2 जानेवारी 1918 ला आगीत जळालं आणि इंग्रजी भाषकांचा वाँडरर्स संघ त्यातच संपला. 1909 साली स्थापन झालेला कॅनेडियन्स हा फ्रेंच भाषकांचा संघ, त्यामुळे शहरातल्या इंग्रजी वस्तीला आपलं म्हणावं असं काही उरलं नाही. नव्या मरून्स संघाचं घर म्हणून सेंत-कातरीन रस्ता आणि अ‍ॅटवॉटरच्या कोपऱ्यावर ही इमारत 159 दिवसांत उभी केली गेली. घोळ होतो तो पहिल्या सामन्यामुळे. 29 नोव्हेंबर 1924 ला फोरमचं उद्घाटन कॅनेडियन्सनीच केलं आणि टोरांटो सेंट पॅट्रिक्सला 7–1 असं धुतलं. पण ते पाहुणे होते. त्यांच्या माउंट रॉयल अरीनात बर्फ नैसर्गिक होता आणि तो अजून गोठला नव्हता, एवढंच कारण. कॅनेडियन्स फोरममध्ये मुक्कामाला आले 1926 मध्ये. त्याच वर्षी मरून्सनी कप जिंकून दाखवला होता.

पुढची बारा वर्षं एकाच छताखाली दोन संघ आणि दोन भाषांचे प्रेक्षक नांदत होते. आपसातला सामना असला की खरी खडाजंगी. या भागाबद्दल मजकुरात चकार शब्द नाही, याचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. फोरममधल्या गर्दीला धार आली ती इथे.

आता खुर्च्या. 1930 आणि 1931 असे लागोपाठ दोन कप जिंकूनही महामंदीत कॅनेडियन्सचं तिकीट खपेना. 1935 मध्ये मालकांनी संघ 165,000 डॉलरला विकून टाकला. संघ अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला हलवण्याची बोलणीही त्याआधी झाली होती. मरून्सनी 1935 चा कप जिंकला आणि 1938 मध्ये पैशांअभावी गाशा गुंडाळला. कप जिंकल्यावर तीन वर्षांत संघच बंद पडतो, ते काय खुर्च्या भरलेल्या असतात म्हणून? बरं, स्पर्धक गेल्यावर तरी कॅनेडियन्सचं बरं व्हावं, तर 1939–40 च्या हंगामात 48 पैकी फक्त 10 सामने जिंकून ते तळाला गेले. रिकाम्या खुर्च्यांचा काळ म्हणतात तो हाच.

मग गर्दी परत आली कशी? प्रशिक्षक म्हणून डिक आयर्विन आले, पाठोपाठ मोरीस रिशार, तोच मजकुरातला लाडका खेळाडू. रिशारने 1944–45 मध्ये 50 सामन्यांत 50 गोल केले. 1946 पासून व्यवस्थापक फ्रँक सेल्की यांनी पोरसवदा खेळाडू हेरून घडवणाऱ्या संघांचं जाळं विणलं. 1949 मध्ये फोरमचा विस्तार करून आसनं सुमारे 9,300 वरून 13,500 च्या आसपास नेली. 1952 च्या ऑक्टोबरात फोरममधला सामना फ्रेंच दूरचित्रवाणीवरून दाखवला गेला, आणि ज्यांना तिकीट कधी परवडलं नसतं अशी घरंही या गर्दीत सामील झाली. भरलेलं फोरम ही कमाई होती, ती करायला दशकभर घाम गाळावा लागला.

17 मार्च 1955 च्या दंगलीचा तर मजकुराने पार चोथा केलाय. 13 मार्चला बोस्टनमध्ये मारामारी झाली, रिशारने एका लाइन्समनला, म्हणजे सहायक पंचाला, ठोसे लगावले. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी 16 तारखेला त्याला उरलेल्या हंगामासह प्लेऑफमधूनही, म्हणजे कपसाठीच्या अंतिम फेऱ्यांमधूनही, बाद केलं. शिक्षा मुळात अन्यायाची होती असं मी म्हणणार नाही; पंचाच्या अंगावर हात टाकणं कुठेच खपत नाही. पण दुसऱ्याच दिवशी, धमक्या येत असताना, कॅम्पबेल डेट्रॉइटविरुद्धचा सामना बघायला स्वतः फोरममध्ये येऊन बसले. याला धैर्य म्हणा नाहीतर हट्ट. पहिला डाव संपला तेव्हा डेट्रॉइट 4–1 ने पुढे होतं. कॅम्पबेलांवर टोमॅटो-अंड्यांचा मारा झाला, मग कोणीतरी अश्रुधुराचं नळकांडं फोडलं, इमारत रिकामी केली गेली आणि सामना डेट्रॉइटला बहाल झाला. सेंत-कातरीन रस्त्यावर पहाटेपर्यंत काचा फुटत राहिल्या. दुसऱ्या दिवशी रिशारनेच रेडिओवरून लोकांना शांत राहायला सांगितलं.

याला नुसतं आंधळं प्रेम म्हणायचं, तर आधीचा हिशोब कुठे टाकायचा? रिशारने एका फ्रेंच साप्ताहिकातल्या स्तंभात कॅम्पबेलना हुकूमशहा म्हटलं होतं, आणि 1954 मध्ये त्याला माफी मागून, 1,000 डॉलरची हमी ठेवून ते लिखाण बंद करावं लागलं होतं. ज्या शहरात बहुसंख्य फ्रेंच बोलतात पण वरच्या खुर्च्यांवर बहुतेक इंग्रजी भाषक बसतात, तिथे ही गोष्ट केवळ खेळाची राहत नाही. ल द्व्वार या दैनिकात आंद्रे लोरांदो यांनी काही दिवसांतच हे मांडलं होतं. अर्थात, 1960 नंतरची क्युबेकमधली, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे तिथली, सगळी सामाजिक उलथापालथ या एका रात्रीतून निघाली हा उलट टोकाचा दावाही मला पटत नाही.

आणि ‘आंधळं’ म्हणाल तर पुढचा प्रकार ऐका. रिशार बाहेर बसल्यामुळे त्याच संघातला बर्नी जॉफ्रियाँ गुणांत त्याच्या पुढे गेला, 75 विरुद्ध 74, आणि हंगामात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याचा किताब जॉफ्रियाँला मिळाला. फोरमने आपल्याच खेळाडूची हुर्यो उडवली. तोही फ्रेंच भाषक, तोही लाडका. म्हणजे ही गर्दी आपल्या माणसालाही सोडत नसे.

फोरम पाडल्याचं तर काही विचारूच नका. इमारत आहे तिथेच आहे. शेवटचा सामना 11 मार्च 1996 ला झाला, कॅनेडियन्सनी डॅलसला 4–1 असं हरवलं. त्या रात्री रिशारसाठी टाळ्या कित्येक मिनिटं थांबल्याच नाहीत, हे मात्र अगदी खरं. नंतर आतलं सगळं काढून तिथे चित्रपटगृहं आणि दुकानं आली. तसं पाहिलं तर 1968 मध्येच छताला आधार देणारे आतले खांब काढून फोरम इतकं बदललं होतं, की 1924 च्या प्रेक्षकाला ते ओळखू आलं नसतं.

राहिली भुतं. कॅनेडियन्सचा शेवटचा कप 1993 चा, म्हणजे फोरम सोडण्याच्या तीन वर्षं आधीचा. 1942 ते 1967 या काळात लीगमध्ये सहाच संघ होते, आज 32 आहेत, आणि सगळ्यांना खुला ड्राफ्ट, म्हणजे नवे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडण्याची पद्धत, 1969 मध्ये आल्यावर सेल्कींच्या जाळ्याचा फायदाही गेला. भुतांचा पहारा इतका कडक होता, तर 1989 मध्ये कॅल्गरीने कॅनेडियन्सना हरवून फोरमच्या बर्फावरच कप कसा उचलला? आणि 2 डिसेंबर 1995? त्या दिवशी फोरममध्ये डेट्रॉइटने 11–1 असा निकाल लावला. नऊ गोल खाईपर्यंत गोलरक्षक पात्रिक र्वा याला मैदानातच ठेवलं गेलं आणि प्रेक्षकांनी त्याच्या साध्या अडवणुकीवरही उपहासाने टाळ्या पिटल्या. बाहेर आल्यावर त्याने संघाच्या अध्यक्षांना तिथल्या तिथे सांगून टाकलं की मॉन्ट्रियलसाठी हा आपला शेवटचा सामना. चार दिवसांत त्याला कोलोराडोला देऊन टाकलं, आणि कोलोराडोने त्याच हंगामाचा कप जिंकला.